आधी बो बदला, वाद्याचं नंतर बघू

पुण्याहून एका व्हायोलिनवादक ताईंचा प्रश्न आला आहे. त्या स्वतः, फ्लूट वाजवणारा एक मित्र, चेलो वाजवणारी मैत्रीण आणि कीबोर्डवर बसणारा एक जण असे चौघे मिळून टेलेमान या अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराची पॅरिस क्वार्टेट्स (चार वाद्यांसाठीच्या रचना) बसवताहेत. जुन्या वाद्यांवर वाजवणाऱ्या युरोपातल्या लहान चमूंची रेकॉर्डिंग त्यांनी ऐकली आणि आता विचारतात: यांची पट्टी खाली का असते? दोन रचनांच्या मध्ये हे लोक इतका वेळ वाद्यं का लावत बसतात? हेच संगीत आजच्या वाद्यांवर वाजवलं तर काय बिघडतं? आणि जुनी वाद्यं हाताशी नसताना आम्ही सुरुवात कुठून करायची?

ताई, मी मिरजेजवळच्या गावात वाढले, द हेगच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीत व्हिओला दा गांबा (चेलोसारखं, पायांमध्ये धरून गजाने वाजवायचं, पडदे असलेलं जुनं वाद्य) शिकले आणि गेली 22 वर्षं चौघांच्या चमूत वाजवते आहे: ट्रॅव्हर्सो म्हणजे लाकडी फ्लूट, व्हायोलिन, गांबा आणि हार्पसिकॉर्ड, म्हणजे तारा छेडणारं, पियानोच्या आधीचं कीबोर्डवाद्य. तुम्ही निवडलेल्या रचना आमच्या हाताखालून किती वेळा गेल्या असतील याची मोजदाद नाही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीच्यांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत. आजच्या वाद्यांवर वाजवलं तर सूर चुकत नाहीत, रचना कळते, आनंदही मिळतो. बदलतं ते चौघांमधलं नातं. आजचं व्हायोलिन, आजचा फ्लूट आणि पोलादी तारांचा चेलो ही मोठ्या सभागृहासाठी घडलेली वाद्यं आहेत. ती हार्पसिकॉर्डशेजारी बसवली की तिघांनाही सारखा हात आखडावा लागतो. पूर्ण वेळ आवाज दाबून वाजवणारा माणूस वाक्याच्या शेवटी आणखी हळू कसा होणार? जुन्या वाद्यांवर कुणालाच आखडावं लागत नाही. ट्रॅव्हर्सोचा खालचा सूर मुळातच मऊ, व्हायोलिनच्या तारा तातेच्या, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या, गांबा हलकी, हार्पसिकॉर्ड त्यांच्याच तोलाचं. चौघांनी मोकळेपणाने वाजवलं तरी चारही ओळी ऐकू येतात. टेलेमानने या रचना तो तोल गृहीत धरून लिहिल्या आहेत.

या रचनांचा पहिला संच, सहा क्वार्टेट्सचा, त्याने 1730 मध्ये हँबुर्गला स्वतः छापला. 1737 च्या शरदात तो पॅरिसला गेला, आठ महिने राहिला आणि 1738 मध्ये दुसऱ्या सहा रचना आगाऊ वर्गणी घेऊन प्रसिद्ध केल्या. वर्गणीदारांच्या यादीत लाइपझिगच्या बाखचं नाव आहे. पॅरिसमध्ये या रचना वाजवणारे म्हणजे फ्लूटवर ब्लाव्हे, व्हायोलिनवर गिन्यों, गांब्यावर धाकटा फोर्कुरे आणि चेलोवर एदुआर. त्यांनी त्या किती अप्रतिम वाजवल्या हे टेलेमानने 1740 मध्ये लिहिलेल्या आत्मवृत्तात कृतज्ञतेने नोंदवलं आहे. तुमच्या चेलोवादक मैत्रिणीला सांगा, की गांबा नाही म्हणून हिरमुसायचं कारण नाही. छापील मुखपृष्ठावरच 'गांबा किंवा चेलो' असं आहे.

आता तुमच्या फ्लूटवाल्या मित्राचं बघू. ट्रॅव्हर्सो म्हणजे लाकडी नळी, बोटांची सहा भोकं आणि एकच चावी. डी, जी, ए हे सूर खणखणीत येतात. पण साधा एफ, जी शार्प, बी फ्लॅट काढायला मधलं भोक उघडं ठेवून खालची भोकं बंद करावी लागतात, आणि मग सूर जरा झाकोळलेला येतो, पडद्याआडून आल्यासारखा. बोम या जर्मन फ्लूटकाराने 1832 ते 1847 या काळात चाव्यांची नवी यंत्रणा आणून सगळे सूर एका ताकदीचे केले. सोय झाली खरी, पण टेलेमान ज्या उजेड-सावलीवर विसंबून लिहीत होता ती पुसली गेली. डी मेजरमधून निघालेली ओळ चार मात्रांत दुसऱ्या स्केलमध्ये वळते तेव्हा ट्रॅव्हर्सो आपोआप काळवंडतो, वादकाला मुद्दाम काही करावं लागत नाही. आमच्या ट्रॅव्हर्सोवादकाने सुरुवातीला हे कमजोर सूर फुंकर वाढवून सरळ करायचा प्रयत्न केला, तर ते वर सरकले आणि कर्कश लागले. शेवटी आम्ही तिघं त्या सुरांपाशी हळू व्हायला शिकलो. त्या दिवसापासून ती जागा वाजायला लागली.

मला जे सांगायचं आहे ते हेच. या वाद्यांना जे जमत नाही त्यातच त्या संगीताचं व्याकरण आहे. आणि ते सगळ्यात स्वच्छ दिसतं बोमध्ये, म्हणजे गजामध्ये.

आजचा बो, म्हणजे फ्रान्समध्ये तूर्त नावाच्या कारागिराने 1780 च्या सुमारास रूढ केलेला, आत वाकलेला असतो. मुठीपासून टोकापर्यंत त्याचा दाब सारखा ठेवता येतो. लांब, अखंड, कुठेही न तुटणारा सूर हीच त्याची ताकद. त्याआधीचा बो बाहेरच्या बाजूला किंचित फुगीर, आखूड, टोकाकडे हलका, बहुधा स्नेकवूडचा. तो टोकाकडे निघाला की सूर आपसूक विरतो. खाली ओढलेला आणि वर ढकललेला हात एकसारखा वाजूच शकत नाही. पहिला जड, दुसरा हलका. म्हणजे प्रत्येक मात्रेला आपोआप 'सम' मिळते आणि प्रत्येक सुराला सुरुवात, पोट आणि शेवट. लिओपोल्ड मोझार्टने (प्रसिद्ध मोझार्टच्या वडिलांनी) 1756 च्या आपल्या व्हायोलिनच्या पुस्तकात लिहिलं आहे, की कितीही जोरात घेतलेल्या सुराच्या आरंभी एक अगदी लहान, जेमतेम ऐकू येणारा मऊपणा असतो. आजच्या बोने हे करायचं तर ठरवून करावं लागतं. जुन्या बोने ते न करणं अवघड आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला: व्हायोलिन आहे तेच ठेवा, हा त्या काळच्या घडणीचा, म्हणजे बरोक बो घ्या. स्नेकवूडची साधी नक्कल वाद्याच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडते. तोही मिळेपर्यंत तुमचाच बो मुठीपासून तीन-चार बोटं वर धरून वाजवा. टोकाकडचं वजन कमी होतं आणि अंदाज येतो. व्हायोलिनखालचा शोल्डर रेस्ट काढून ठेवा. हनुवटीची टेकू तर स्पोर या जर्मन व्हायोलिनवादकाने 1820 च्या सुमारास आणली, त्याआधी ती नव्हतीच. मैत्रिणीने चेलोचा खालचा खिळा आत सारून वाद्य पोटऱ्यांवर पेलून बघावं. आठवडाभर पाय दुखतील, पण वाद्य अंगाला लागल्यावर आवाज कुठून येतो ते कळेल.

वाद्य नंतर, असं म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. जुनं वाद्य म्हणजे जुनं लाकूड, असा गैरसमज सर्रास असतो. स्ट्रॅडिव्हारीची आज वाजणारी बहुतेक सगळी व्हायोलिन पुढच्या काळात उघडून बदलली गेली आहेत. मान लांब आणि मागे कललेली केली, घोडी उंचावली, आतली बास-बार (तारांखाली आतून चिकटवलेली लाकडी पट्टी) जाड केली, कारण तारांचा ताण वाढला होता. त्या हिशेबाने गेल्या वर्षी एखाद्या कारागिराने जुन्या मापावरून घडवलेलं व्हायोलिन त्या स्ट्रॅडिव्हारीपेक्षा अधिक 'जुनं' आहे. माझी सात तारांची गांबासुद्धा पॅरिसच्या निकोला बेर्त्राँच्या नमुन्यावरून आमच्या काळातच घडवलेली आहे.

आता पट्टी. 415 हा आकडा तुम्ही ऐकला असेल. आज ए सूर 440 हर्ट्झला (सेकंदाला 440 कंपनं) धरतात, बरोक चमू 415 ला. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचं तर त्यांचा ए आपल्या पांढरी सहावर नाही, काळी चारवर बसतो. पण त्या काळी सगळीकडे हीच पट्टी होती असं समजू नका. फ्रान्समध्ये ती आणखी खाली, साधारण 392, म्हणजे पांढरी पाच. जर्मनीतल्या चर्चमधले कित्येक ऑर्गन वर, 466 च्या आसपास, म्हणजे काळी पाच. गावागणिक पट्टी वेगळी असायची. 415 हा आमच्या पिढ्यांनी सोयीने काढलेला मध्य आहे. बरोबर अर्धस्वर खाली असल्यामुळे हार्पसिकॉर्डचा कीबोर्ड एक घर सरकवला की तेच वाद्य 440 लाही वाजतं. सोय आहे, धर्म नाही. तरी उतरलेल्या पट्टीचा परिणाम खरा आहे: तारांवरचा ताण कमी होतो, लाकूड मोकळं होतं आणि आवाजात जरा अंधार येतो.

वाद्यं लावण्याचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे. आमच्या घरी पहाटे काकांचा तंबोरा लागायचा. जवारी नीट बसली की खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गंधार ऐकू यायला लागतो. काका त्याची वाट बघत थांबत आणि तो आला की मगच 'सा' लावत. त्या स्वयंभू गंधारापेक्षा पियानोचा गंधार 14 सेंटनी (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. बारा स्वर सारख्या अंतरावर वाटून टाकल्याची ती किंमत आहे. आपल्याकडे पेटीवरून जो वाद झाला, ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि 1971 मध्ये ती सैल झाली, त्या वादातही हे समान वाटलेले, जागचे न हलणारे सूर हा एक मोठा मुद्दा होता. द हेगला पहिल्या महिन्यात माझ्या समोर एका हार्पसिकॉर्डवर मीनटोन पद्धतीने सी आणि ई (म्हणजे सा आणि गंधार) हे दोन सूर एकत्र वाजवले गेले. सूर जागच्या जागी थांबले, मधली थरथर गेली. मला काकांची खोली आठवली. युरोपातले लोक तीन-चारशे वर्षांपूर्वी याच गंधारासाठी धडपडत होते हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

मीनटोनमध्ये पंचम जरा दाबतात म्हणजे गंधार शुद्ध मिळतो. पण घरं बाराच. त्यामुळे आठ गंधार सुरेल येतात, उरलेले चार बिघडतात आणि एक पंचम असा ओरडतो की त्याला लांडगाच म्हणतात. टेलेमानच्या काळापर्यंत संगीत दूरच्या स्केलमध्ये फिरायला लागलं होतं, म्हणून आम्ही त्याच्यासाठी व्हालोत्तीची, जरा मवाळ वाटणी घेतो. तीत लांडगा नाही, पण प्रत्येक स्केलचा रंग थोडा वेगळा राहतो. टेलेमानचा समकालीन फ्लूटवादक क्वान्ट्झ तर डी शार्प आणि ई फ्लॅट हे दोन वेगळे सूर मानायचा, ई फ्लॅट किंचित चढा. त्यासाठी त्याने ट्रॅव्हर्सोला दुसरी चावी बसवून घेतली. कोमल स्वराच्याही पायऱ्या ऐकणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. युरोपातल्या विद्यार्थ्यांना मात्र त्यासाठी वेळ द्यावा लागतो.

गांब्याचे पडदे तातेचेच, मानेभोवती गाठ मारून बांधलेले. रचना बदलली की मी एखादा पडदा नखाने केसभर सरकवते, म्हणजे हार्पसिकॉर्डशी जुळतो. हार्पसिकॉर्डला शंभराहून जास्त तारा, त्या मैफलीच्या आधी सगळ्या लावायच्या आणि मध्यंतरात पुन्हा तपासायच्या. आणि तात हवेतलं पाणी पिते. सभागृह भरलं, लोकांच्या श्वासाने हवा जड झाली, वर दिवे तापले, की अर्ध्या तासात तारा जागा सोडतात. तुम्हाला रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आलं ते हे. सूर लागेपर्यंत थांबण्याची लाज आम्हाला वाटत नाही. तंबोरा मिळेपर्यंत गवई थांबतात तेव्हा आपणही ऐकतोच.

एकदा गोव्यात, डिसेंबरात, एका जुन्या चॅपेलमध्ये वाजवत होतो. विमानातल्या कोरड्या हवेतून वाद्य थेट समुद्राच्या दमट हवेत आलेलं. मैफलीला वीस मिनिटं असताना गांब्याची सगळ्यात वरची तार घोडीपाशी तुटली. नवी तात बसवली, पण कोरी तात ताण घेत राहते, तिला स्थिरावायला दिवस लागतो. त्या संध्याकाळी मी प्रत्येक मूव्हमेंटनंतर ती वर ओढली आणि शक्य तिथे वरच्या जागा शेजारच्या तारेवर चढून वाजवल्या. तेव्हापासून माझ्या वाद्याच्या पेटीत दोन अशा तारा कायम असतात, ज्या आठ-दहा दिवस वाद्यावर राहून रुळल्या आहेत आणि मग काढून गुंडाळून ठेवल्या आहेत. तुम्ही तातेवर याल तेव्हा हे आठवणीत ठेवा. पुण्याचा जुलै-ऑगस्ट तातेला गोव्याहून फार वेगळा नाही. तारेचे बारीक धागे सुटायला लागले की ओढू नका, नेलकटरने मुळाशी कापा आणि बदामाच्या तेलाचा एक थेंब बोटाने फिरवा. बो जिथे फिरतो ती जागा मात्र कोरडीच ठेवा.

व्हायब्रॅटोबद्दल, म्हणजे सुराला दिलेल्या थरथरीबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण पहिल्याच तालमीत प्रश्न येईल. 'जुन्या संगीतात व्हायब्रॅटो नसतो' हे वाक्य अर्धवट आहे. इटालियन व्हायोलिनवादक जेमिनियानी 1751 मध्ये लिहितो, की तो वरचेवर वापरावा. पाच वर्षांनी लिओपोल्ड मोझार्ट, प्रत्येक सुरावर थरथरणाऱ्यांना ताप भरला आहे की काय, असं म्हणतो. दोघंही त्याच काळातले, दोघंही नामांकित. मी तो अलंकार मानते, एखाद्या लांब सुरावर, जाणूनबुजून. सगळ्या सुरांवर पसरला की ते शुद्ध गंधार हरवतात, ज्यांच्यासाठी आपण तासभर वाद्यं लावली.

आता कीबोर्डवाल्याचं, कारण त्याचं काम सगळ्यात नवं आहे. त्याच्या हातात टेलेमानने फक्त बासची ओळ आणि तिच्यासोबत आकडे दिले आहेत. 6 म्हणजे बासपासून सहावा सूर धरायचा, 7 म्हणजे सातवा, आकडा नसेल तर साधा कॉर्ड. उजव्या हाताने काय वाजवायचं, किती दाट, किती विरळ, हे त्याचं त्याने ठरवायचं. आजच्या आवृत्त्यांमध्ये हा उजवा हात संपादकाने छापून दिलेला असतो. तो वाजवला की साथ मुकी होते. त्याला सांगा, पेटीवर साथ करणारा गायकाच्या मागे जसा जातो तसं जायचं: गायक थांबला की भरायचं, तो खुलला की मागे सरायचं. क्वान्ट्झ म्हणतो, की विसंवादी कॉर्ड जोरात आणि त्याची उकल हळू. हार्पसिकॉर्डमध्ये जोर वाढत नाही, म्हणून सूर वाढवायचे: विसंवादावर सहा-सात सूर एकामागून एक सांडायचे, उकलीला दोनच. खरं हार्पसिकॉर्ड नसेल तर चांगल्या डिजिटल पियानोत हार्पसिकॉर्डचा आवाज असतो, अर्धस्वर खाली करता येतं आणि वेर्कमायस्टर किंवा किर्नबर्गर अशी वाटणीही निवडता येते. आवाज मात्र इतका ठेवा की फ्लूटच्या खालच्या सुरांवर तो चढणार नाही.

415 वर कधी यायचं? चौघे एकदम येऊ शकाल तेव्हा. आजचा फ्लूट अर्धस्वर खाली येत नाही. ऑलोस या जपानी कंपनीचा 415 च्या पट्टीतला प्लास्टिकचा ट्रॅव्हर्सो मिळतो, शिकायला उत्तम आहे आणि पावसाळ्यात चिरत नाही. तो मित्राच्या हातात बसेपर्यंत 440 लाच वाजवा.

कोणती रचना आधी घ्यायची? 1730 च्या संचातला डी मेजरमधला दुसरा कन्सर्टो. डी हे ट्रॅव्हर्सोचं घर आहे आणि व्हायोलिनच्या मोकळ्या ताराही साथ देतात. स्वरलिपी आयएमएसएलपी या ऑनलाइन संग्रहावर फुकट आहे. जमलं तर जुन्या छपाईवरूनच वाजवा. तिच्यात संपादकाच्या खुणा नसतात, त्यामुळे बोची दिशा चौघांना मिळून ठरवावी लागते, आणि ते भांडण फार उपयोगाचं असतं. 1738 च्या सहा रचना नंतर. त्या फ्रेंच वळणाच्या आहेत. 'आम्ही लिहितो एक आणि वाजवतो दुसरं' या अर्थाचं कूपरँ या फ्रेंच संगीतकाराने 1716 मध्ये लिहून ठेवलंच आहे. एकसारख्या लांबीचे लिहिलेले छोटे सूर (एट्थ नोट) दोन-दोनच्या जोडीने झुलवायचे, पहिला जरा लांब, दुसरा आखूड. किती लांब, ते आकड्यात मावत नाही. आधी एकाने गाऊन दाखवायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून वाजवायचं.

त्या संचातली शेवटची रचना ई मायनरमध्ये आहे आणि तिचा शेवटचा भाग 'मोदेरे', म्हणजे मध्यम लयीतला. बास पुन्हापुन्हा वळून येत राहतो आणि वर तिघं जण एकमेकांच्या हातात ओळ देत राहतात. तिथवर पोहोचाल तेव्हा एक करा. पहिल्या दिवशी तो भाग फक्त चेलो आणि कीबोर्डने वाजवावा, बाकी दोघांनी वाद्यं मांडीवर ठेवून ऐकावं, शेवटपर्यंत. आम्ही अजूनही असंच बसवतो. बासचा श्वास कुठे पडतो ते कळलं की फ्लूट आणि व्हायोलिनला मान हलवून खुणा कराव्या लागत नाहीत.